आत्याचं जवस आणि इंग्रजांची लाईन

माझं नाव विमल. पण आदिलाबादकडच्या बोथमध्ये विमल म्हणून मला कुणी कधी हाक मारली नाही. घरी मी इमल, आणि बाजारात 'गणपत माळ्याची ते पुसणारी पोरगी'. पुसायची खोड मला उपजतच. भाकर तव्यावर टाकली की काऊन फुगते, कोंबडी पाणी पिताना आभाळाकडे काऊन पाहते, चुलीचा धूर नेमका माझ्याच डोळ्यांत काऊन येते. माय दोनदा सांगायची आणि तिसऱ्यांदा तिचा पिठाचा हात माझ्या पाठीवर बसायचा. तो पांढरा पंजा पाठीवर घेऊन मी शाळेत गेलेली आहे आणि मागच्या पोरी फिदीफिदी हसलेल्या आहेत. आज ऐंशी ओलांडली, दात गेले, खोड काही गेली नाही. परवा नातसुनेला विचारलं, तुम्ही ऑनलाईन म्हणता ते नेमकं कोणत्या रेघेवर? तर म्हणाली, आजी, आधी जेवून घ्या.

आमची वाडी गावाला लागूनच होती. वांगी, मेथी, वाल, थोडे कांदे. बाबा पहाटे माल तोडायचे, माय टोपली घेऊन बाजारात बसायची आणि मी शाळेआधी पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यातून फिरवायची. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण त्याचे शब्द काही गेले नव्हते. बाबा अजून मोजणीला पैमाईश म्हणायचे आणि अर्जाला दरखास्त. त्यात आता नवीनच बोलणं सुरू झालं. हैदराबादच्या राज्याचे तुकडे पडणार, ज्याची जशी बोली तसा त्याचा मुलूख. किनवट मुंबईकडे जाणार आणि आम्ही तेलुगू लोकांबरोबर राहणार. कचेरीची उर्दू पाटी चुन्याखाली गेली आणि तिच्यावर तेलुगूची गोल गोल अक्षरं आली. हॉटेलात, न्हाव्याकडे, देवळाच्या पायरीवर, जिथे तिथे एकच प्रश्न, लाईन कोठून जाणार? बाबांना कुणी विचारलं, गणपतराव, तुमी कोणीकडचे, तर ते हातातलं वांगं पुसत म्हणायचे, "वांगं कोण्याबी राज्यात वांगंच राह्यते, बाप्पा." लोक हसायचे. बाबांच्या कपाळावरची आठी मात्र मला दिसायची, कारण त्यांची थोरली बहीण, माझी जनाआत्या, बरोबर किनवटच्या शिवेवर राहत होती.

शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवायला वेंकटय्या सर होते. वरंगलकडचे. त्यांचं मराठी ऐकून वर्गात खसखस पिकायची. टेबल 'आला' आणि मास्तर 'आली' असं ते बोलायचे. पण माणूस फार गोड. पोरांना दम देतानासुद्धा आधी विचारायचे, जेवलास का? मी एकदा त्यांना विचारलं, सर, लाईन म्हणजे नेमकं काय? ते म्हणाले, तूच शोधून आण. शब्दाला एक घर नसते अम्मायी, तो गावभर जेवते. झालं, माझ्यासारखीला एवढं पुरे होतं. कंट्रोलच्या दुकानापुढे साखरेसाठी बायका उभ्या राहायच्या, ती लाईन. आदिलाबादला आगगाडी यायची, ती लाईन. शिपाई राहायचे, ती लाईन. इंग्रजीच्या वहीत ज्या चार रेघांमध्ये अक्षरं कोंडायची, ती लाईन. तारेच्या खांबावर माकडासारखा चढायचा, तो लाईनमन. मोटारीचा ड्रायव्हर सांगायचा, मी पहिले निर्मल लाईनीवर होतो. आणि शेठजींचा भाऊ कापसाच्या लाईनीत होता. पोरींमागे फिरणाऱ्यांची लाईन तेव्हा अजून आमच्याकडे पोचलेली नव्हती. ती पुढे सिनेमाबरोबर आली, आणि आली ती राहिली.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्याकडे माणसं उभी राहिली तर रांग, अक्षरं बसली तर ओळ, कागदावर ओढली तर रेघ, शेतात पेरलं तर तास, दोन शेतांमध्ये धुरा आणि दोन गावांमध्ये शीव. मग इंग्रजांच्या घरी शब्दांचा एवढा दुष्काळ काऊन? सर हसले आणि टॉवेलात गुंडाळलेली त्यांची जाडजूड डिक्शनरी त्यांनी उघडली. मग वाचून, थांबून, अर्धं तेलुगूत आणि अर्धं मराठीत त्यांनी सांगितलं. फार पूर्वी रोम म्हणून एक राज्य होतं. त्यांच्याकडे एक झाड होतं, त्याचं नाव लिनम. त्याच्या सालीतून ते लोक सूत काढायचे. त्या सुताचं कापड, ते लिनन. ते कापड कोटाच्या आत लावलं, ते लायनिंग, म्हणजे आपलं अस्तर. आणि ते सूत दोन टोकांना ताणून गवंडी भिंत बांधायचा, ती लाईन. सूत गेलं, रेघ राहिली. मग रांग आली, आगगाडी आली, तार आली, आणि आता राज्याची हद्द आली. मी तोंड उघडं ठेवून ऐकत होते. एवढी सगळी वरात एका झाडाच्या सालीतून निघाली म्हणजे काय! मी विचारलं, सर, ते झाड आपल्याकडे असते का? सरांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, तेलुगूमध्ये त्याला अविसे म्हणतात, मराठी नाव मला येत नाही.

बाजाराच्या दिवशी मी मायच्या टोपलीजवळून पळाले आणि पोशम्मा तेलिणीपुढे जाऊन बसले. अविसे गिंजलु, म्हणजे अविसेच्या बिया, दाखव म्हटलं. तिने पोत्यात हात घातला आणि माझ्या तळहातावर मूठभर बिया ओतल्या. चपट्या, तपकिरी, बोटांतून निसटणाऱ्या. जवस! अगं बाई, आमच्या घरी एक दिवस सोडून तव्यावर तडतडतं ते जवस! मला वाटलं होतं रोमच्या राज्याचं झाड म्हणजे काहीतरी दांडगं असेल. मी तिथेच बसून सगळ्या बिया चावून खाल्ल्या. पोशम्मा कपाळाला हात लावून बघत राहिली. पुढे मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, मोठमोठे कोश चाळले, पण एखादा शब्द असा दातांखाली आला, असं पुन्हा झालं नाही.

नाताळाच्या सुट्टीत बाबांनी मला आत्याकडे धाडलं. आत्याचं गाव निंबधरी, आमच्या बाजूचं शेवटचं. पलीकडे पळसधरा, ते किनवटच्या बाजूचं. आत्याचं शेत निंबधरीच्या शिवारातलं अगदी कडेचं. तिला मूलबाळ नव्हतं. नवऱ्याने स्वतःच्या हाताने शेतात विहीर खणली, पाणी लागलं, आणि पुढच्याच वर्षी तो तापाने गेला. तेव्हापासून ती एकटी ते शेत करत होती. विहीर होती म्हणून हिवाळ्यात लसूण, कोथिंबीर, थोडी मिरची व्हायची आणि तिचं वर्ष निघायचं. घरात सगळे जाणून होते, विहीर आहे तोवर शेत आहे, आणि शेत आहे तोवर आत्या कुणाच्या दारची नाही. ती आमच्याकडे पाहुणी म्हणून यायची आणि पाहुणीच्या थाटात परत जायची. बाबांना तिचा फार अभिमान होता, माय मात्र कधीकधी नाक मुरडायची.

आत्याकडचे दिवस मला अजून कानांनी आठवतात. पहाटे जात्याची घरघर, मग विहिरीच्या कप्पीची करकर, मग ज्वारीत उतरलेल्या पोपटांवर आत्याची आरोळी आणि गोफणीचा फटाका. संध्याकाळी रानातल्या पाड्यावरून ढोल ऐकू यायचा. चुलीपुढे बसून आम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलायचो. भाकरीवर जवसाची चटणी, मध्ये खळगा करून त्यात जवसाचंच तेल. एवढं साधं जेवण, पण त्याचा वास अजून मला भूक लावतो. पहिल्याच संध्याकाळी मी आत्याला माझा शोध सांगून टाकला. रोम, गवंडी, सूत, आगगाडी, सगळं. आत्याने घास न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाली, त्या लोकाईले तेल काढणं आलं नसन, म्हणून सूत काढलं. झाला माझ्या विद्येचा निकाल.

सकाळी शेतात गेले तर जवस फुललं होतं. ती निळी फुलं ज्याने पाहिली नाहीत त्याला काय सांगावं. दुपारी पाकळ्या गळून जातात, म्हणून सकाळीच पाहायची. आमच्या त्या भागात धुऱ्याला लागून जवसाचं एक तास पेरतात. जवसाला ढोरं तोंड लावत नाहीत, म्हणून आतलं पीक वाचतं. हे तास बायकांचं. दोन्ही शेतांतल्या बायकांनी मिळून पेरायचं, मिळून उपटायचं आणि तेल-चटणी वाटून घ्यायची. पुरुषांनी त्यात पाय घालायचा नाही. आत्याच्या पलीकडचं शेत रुखमाबाईचं. दोघी जिवाभावाच्या मैतरणी. पण त्या वर्षी मला काहीतरी वेगळं दिसलं. जवसाचं तास धुऱ्यावरून सरळ आलं होतं, विहिरीजवळ येऊन आत्याच्या शेतात शिरलं होतं, विहिरीला पुरा वळसा घालून पुन्हा धुऱ्याला मिळालं होतं. त्यामुळे विहीर रुखमाबाईच्या बाजूला पडत होती. मी अर्थातच विचारलं, हे वाकडं काऊन?

आत्याने सांगितलं तो रिवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. रुखमाबाईची लेक शेवंता बाळंतपणाला माहेरी आली होती आणि त्यांच्याकडे विहीर नव्हती, नुसता ओढा, तो हिवाळ्यात आटायचा. पोटुशी बाईने मागून आणलेलं पाणी प्यायचं नसतं. मागितलेलं पाणी पोटातल्या जिवाला मानवत नाही म्हणत. मग शेजारीण काय करते, तर त्या वर्षीचं जवसाचं तास आपल्या विहिरीला वळसा घालून नेते. म्हणजे तेवढ्या दिवसांपुरती विहीर पलीकडच्या घराची. पोटुशीने हक्काने यावं, हक्काने कळशी बुडवावी. बाळंतपण होऊन सव्वा महिना झाला की ती येऊन विहीर पुजणार, पहिली कळशी विहीरवालीच्या हातात देणार आणि वळशातलं जवस आपल्या हाताने उपटणार. झाली विहीर परत. तोवर विहीरवालीने 'माझी' म्हणायचं नाही. म्हटलं तर पोटुशीचं पाणी तोडल्याचं पाप. मला ते इतकं आवडलं की मी दिवसभर त्या वळशावरून फेऱ्या मारल्या. शेवंता आली, तिने कळशी भरली, आणि आत्या स्वतःच्याच विहिरीवर पाहुणीसारखी बाजूला उभी राहिली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोजणीदार आला. तरुण होता, डोक्यावर टोप, पायात बूट, बरोबर साखळी ओढणारी माणसं आणि चुना फासलेल्या दगडांची गाडी. निंबधरी इकडे आणि पळसधरा तिकडे, मधून राज्याची हद्द जायची होती. ओढ्याजवळचा जुना हद्दीचा दगड पुरात वाहून गेला होता. मोजणीदाराने दोनचार शेतं साखळीने मोजली, प्रत्येक ठिकाणी जवसाचं तास आणि नकाशातली रेघ बरोबर जुळली. मग पटवारी त्याला म्हणाला, साहेब, इकडे जवस दिसलं की धुराच समजा, कायले ऊन खाता. मोजणीदारालाही ते पटलं. साखळी गुंडाळली आणि ती माणसं निळ्या फुलांच्या कडेकडेने दगड मांडत आली. तासाबरोबर वळली, विहिरीला वळसा घालून पुढे गेली. मी पाहतच राहिले. जवसातून निघालेली लाईन जगभर फिरून पुन्हा जवसावर येऊन बसली होती, आणि तिच्या पलीकडे माझ्या आत्याची विहीर गेली होती.

जाता जाता मोजणीदाराला काय वाटलं कोण जाणे, त्याने वही काढून आत्याला विचारलं, ये बावली किसकी, म्हणजे ही विहीर कुणाची? शेवंता समोरच उभी होती, भरली कळशी कमरेवर, आठवा सरून नववा लागलेला. माझ्या तोंडाशी तेलुगू आलं, इंग्रजी आलं, सगळं एकदम आलं. आत्याने माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचकली. आणि शेवंताकडे बोट करून ती म्हणाली, "तिची."

त्याने लिहून घेतलं आणि गेला. मी आत्याशी भांडले. मोठ्या माणसांशी असं बोलू नये असं मी बोलले. तुले कळते का, सरकारच्या वहीत गेलं, आता तुही विहीर मुंबईच्या राज्यात गेली. आत्या लसणाच्या वाफ्यात बसून गवत काढत होती. गवताबरोबर लसणाची रोपंही उपटली जात होती, म्हणजे कळत तर होतंच. ती म्हणाली, "शेवंताचे दोन गेले, इमल. हे तिसरं हाय. माह्या तोंडून 'माही' निंघालं अन् काई इपरीत झालं, तं त्या इहिरीचं पाणी मी कोण्या तोंडानं पिऊ?" मग तिने पदर डोळ्यांना लावला. आत्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि माझं भांडण तिथेच संपलं.

बाबांना कळलं तेव्हा ते बैल जुंपून तडक आले. एरवी बहिणीपुढे मान वर न करणारा माणूस, पण त्या दिवशी ओसरीत उभे राहून ओरडले. सरकारचा दगड आहे तो, जवस नाही उपटून टाकायला, असं म्हणाले. आत्या म्हणाली, शेवंता विहीर पुजन, मंग पाहू. बाबा म्हणाले, तोवर दगड पक्के होतील. कच्चे दगड तपासायला मोठे साहेब येणार होते, आणि त्यांनी मान डोलवली की चुना-सिमेंट ओतून हद्द कायम. कचेरीत जाऊन बाबा विचारून आले, तर सांगितलं की पलीकडच्याने स्वतः कबूल केलं तरच काही होईल, नाहीतर लिहिलं ते लिहिलं. मला घेऊन ते बोथला परत निघाले. वाटभर त्यांनी बैलांनासुद्धा हाक मारली नाही.

शेवंताला मुलगी झाली. रडली तर म्हणे दोन्ही शिवारांत ऐकू गेली. आम्ही घरी गूळ वाटला. पण पाठोपाठ दुसरी बातमी आली. रुखमाबाईचा नवरा पुंजाराम याने विहिरीपासून आपल्या शेतात पाट खणला आणि कांद्याची रोपं लावली. कुणी विचारलं तर म्हणायचा, सरकारनं देल्लं, म्या कुठं मांगतलं? पुंजाराम काही लबाड माणूस नव्हता. त्याचे कांदे दरवर्षी ओढा आटला की वाळून जायचे, आणि दरवर्षी तो आत्याकडे पाणी मागायला येताना खाली मान घालून यायचा. आता त्याला मान वर करायची संधी मिळाली होती. हे मला आज समजतं. तेव्हा मला तो राक्षस वाटत होता, आणि शाळेत सर काय शिकवतात तिकडे माझं लक्ष नव्हतं. रुखमाबाईने नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं, पण हद्दीच्या कामात बाईला कोण विचारतो?

मोठे साहेब येणार त्या दिवशी बाबांनी मला शाळा बुडवून गाडीत घातलं. म्हणाले, साहेबाशी बोलाले कोणी पाह्यजे. आम्ही पोचलो तेव्हा जवस वाळून तपकिरी झालं होतं, वाऱ्यावर बोंडं खुळखुळत होती. बोरीखाली खुर्ची टाकून साहेब बसले होते, केस पिकलेले, चष्मा, धूळभरलेले बूट. शेजारी तो मोजणीदार आणि धुतलेला पटका बांधून पुंजाराम. आत्या विहिरीपासून लांब, धुऱ्याच्या अलीकडे उभी होती. तिने कुणाकडे पाहिलं नाही. नेमकं त्याच वेळी पळसधऱ्याकडून बायका येताना दिसल्या. पुढे शेवंता, मागे नातीला छातीशी धरून रुखमाबाई. सव्वा महिना कधीच पुरा झाला होता. रुखमाबाईने विहीरपूजन मुद्दाम अडवून ठेवलं होतं, साहेब येण्याची वाट पाहत.

शेवंताने विहिरीला हळद-कुंकू वाहिलं, पाच ठिकाणी भिजवलेले हरभरे ठेवले, कळशी बुडवली, आणि भरलेली कळशी नेऊन आत्याच्या हातात दिली. मग ती खाली बसली आणि वळशातलं जवस मुळासकट उपटायला लागली. मोजणीदार ओरडला, अरे, ही बाई हद्द मोडून राहिली! साहेब उठले. त्यांनी तेलुगूत विचारलं, हे काय चाललंय? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनी मला पुढे ढकललं. माझं तेलुगू त्या क्षणी कुठे पळालं देव जाणे, आणि जे इंग्रजी सापडलं ते असं, "सर, धिस लाईन नॉट गव्हर्नमेंट लाईन. धिस लाईन लेडीज लाईन."

साहेब हसले. चष्मा काढून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, सावकाश सांग. मग मी तेलुगूत, इंग्रजीत, हातवाऱ्यांनी, जमिनीवर काडीने वळसा काढून सगळं सांगितलं. पोटुशीचं पाणी, मागून न पिणं, सव्वा महिना. ते ऐकत राहिले. मध्येच त्यांनी मोजणीदाराकडे असं पाहिलं की त्याने मान फिरवली. शेवटी ते पुंजारामाकडे वळले आणि माझ्यामार्फत विचारलं, खरं का हे? विहीर कुणाची? पुंजाराम जमिनीकडे पाहत म्हणाला, दगड तं सरकारनंच लावला, साहेब. बाबांची मूठ आवळलेली मला दिसत होती.

शेवंता उठली. हातात उपटलेल्या जवसाची पेंढी, त्याला ओली माती. ती साहेबांकडे गेली नाही, बापापुढे जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, उलट इतकं हळू बोलली की मला दोन पावलं पुढे जावं लागलं.

"बाबा, आत्यानं आपलं म्हणू देल्लं, म्हणून म्या हे पाणी आपलं म्हणून पेली. तुमी आता ते ठेऊन घेतलं, तं म्या चोरीचं पेली. माह्या पोरीले चोरीचं दूध पाजलं, असं होईन. तुमीच सांगा, काय म्हणू तिले?"

रुखमाबाईच्या हातात ती पोरगी झोपली होती, मूठ तोंडाजवळ. पुंजारामाने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. दोन नातवंडं त्याने स्वतःच्या हाताने मातीत घातली होती, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मग त्याने पटका काढून तोंड पुसलं आणि साहेबांना म्हणाला, "इहीर जनाबाईची हाय. धुरा इकून जाते." एवढं बोलून तो स्वतः जुन्या धुऱ्यावरून चालत गेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मागून साखळी आली. साहेबांनी नकाशा पाहिला, मान डोलवली, आणि वळशातले दगड उचलून माणसांनी त्या रेघेवर आणून ठेवले. आज नातवाच्या मोबाईलवर दोन्ही राज्यांचा नकाशा बोटांनी मोठा करून पाहते, तर तिथे एक बारीक सरळ रेघ आहे. ती सरळ कशी झाली ते त्यात कुठून दिसणार?

साहेबांची गाडी गेली. बायका जवसाच्या पेंढ्या बांधायला लागल्या. पुंजाराम एकटाच आपल्या कांद्याच्या वाफ्याशी उभा होता. पाट कोरडा पडला होता आणि कोवळ्या पाती उन्हाने माना टाकत होत्या. आता पुन्हा आत्याच्या दारात जाऊन मागायचं, तेही आजच्या दिवसानंतर. ते त्याच्याने होणार नव्हतं, आणि तो घराकडे निघाला. आत्याच्या कमरेवर अजून तीच कळशी होती, शेवंताने दिलेली. तिने ती खाली ठेवली नव्हती. ती धुरा ओलांडून पलीकडे गेली, पुंजारामाच्या आडवी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पेऊन घ्या, भाऊ. अन् कांद्याले पाट सोडा. मांगाले येऊ नका." वाकून पुंजारामाने ओंजळ पुढे केली, आत्या ओतत राहिली, आणि पाणी त्याच्या कोपरांवरून गळत असतानाही तो तोंड वर न करता पीत राहिला.